इलेक्ट्रिक गाडीचं स्टीयरिंग थरथरतंय? निदान कोणत्या क्रमाने करायचं

स्टीयरिंग थरथरायला लागलं की बहुतेक जण टायरच्या दुकानात गाडी लावतात आणि ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाका’ म्हणतात. दोन दिवस बरं वाटतं, मग बायपासला लागलं की परत तेच. पुन्हा अलाइनमेंट, मग नवे टायर, मग डिस्क. पैसे जातात आणि थरथर राहते, कारण ती कुठून येते हे कुणी तपासलेलंच नसतं.

दोन समज आधी काढून टाकू. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टीयरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने झिजतो. निव्वळ अलाइनमेंटमुळे स्टीयरिंग थरथरत नाही. दुसरा समज पेट्रोल गाड्यांवरून आलेला: ब्रेक लावल्यावर थरथरलं म्हणजे डिस्क गेली. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते, म्हणजे रेजेन. तो जोर ड्राइव्हशाफ्टमधून (मोटर आणि चाक जोडणारा फिरता दांडा) चाकाला मिळतो, डिस्क-पॅडचा त्यात संबंध नसतो. त्यामुळे वेग कमी होताना आलेली थरथर डिस्कची की शाफ्टची, हे रेजेन बंद करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पुढचा सगळा क्रम याच गोष्टीवर उभा आहे.

## १. गाडी हलवण्याआधी

हवा थंड टायरमध्ये तपासा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरचा धरा, पंपावरच्या माणसाच्या अंदाजाचा नको. बॅटरीमुळे ही गाडी त्याच मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जड असते. हवा कमी असेल तर टायरच्या कडा जास्त दबतात, तापतात, आणि झीज खडबडीत होते.

मग टॉर्च घेऊन चारही चाकं आतून-बाहेरून बघा. बाहेरून कुणीही बघतो, दोष बहुधा आतल्या बाजूला सापडतो.

- टायरच्या बाजूच्या भिंतीवर फोड आला आहे का. खड्ड्यात आतले धागे तुटले की असा फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, त्याच दिवशी बदलायचा.
- रिमच्या आतल्या कडेला वाक किंवा तडा आहे का.
- रिमच्या आत वाळलेला चिखल साठला आहे का. पावसाळ्यात अर्धवट झालेल्या रस्त्यांवरून गाडी गेली की चिखल आत साठतो आणि सुकून घट्ट चिकटतो. नुसता तो पाण्याने काढला आणि थरथर गेली, असंही पुष्कळदा होतं.
- बॅलन्सिंगसाठी रिमला चिकटवलेली वजनं जागेवर आहेत का. रिमवर चौकोनी स्वच्छ डाग आणि गोंदाचा पट्टा दिसला तर तिथलं वजन पडलेलं आहे. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने ती सहज उडतात.
- टायरवरून तळहात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा ठरावीक अंतरावर खोलगट भाग लागले, तर टायरची झीज बिघडली आहे.

आता दोन प्रश्न स्वतःला विचारा. अलीकडे पंक्चर काढताना टायरमध्ये जेल किंवा सीलंट भरलं होतं का? अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसतं किट मिळतं, त्यामुळे हे वारंवार घडतं. गाडी उभी राहिली की ते द्रव खाली जमतं आणि चाक कितीही वेळा बॅलन्स केलं तरी दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. टायर उतरवून आतून धुऊन पुसणं आणि पंक्चरला आतून पॅच लावणं हाच उपाय. दुसरा प्रश्न: तुमच्या टायरच्या आत फोमचा पट्टा आहे का? आवाज कमी करण्यासाठी काही टायरमध्ये तो चिकटवलेला असतो. तो एका जागी सुटला की चाकाचा तोल जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

थांबा: गाडी आठ-दहा दिवस एकाच जागी उभी होती? टायर खाली चपटा होतो. वीसेक किलोमीटर चालून टायर तापल्यावर थरथर पूर्ण गेली तर दोष काही नाही.

आणखी एक: लेन सोडल्यावर इशारा म्हणून काही गाड्यांचं स्टीयरिंग मुद्दाम थरथरतं. पांढरी पट्टी ओलांडतानाच हे होत असेल तर स्क्रीनवरच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा.

## २. चाचणी: एकच रस्ता, पाच स्थिती

बॅटरी ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असताना निघा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिच्यात वीज परत घ्यायला जागा नसते, म्हणून गाडी रेजेन कमी करते आणि खरे ब्रेक जास्त वापरते. ‘सकाळी चार्जिंगवरून काढली की सिग्नलला थरथरते, हिंजवडीला पोहोचेपर्यंत काही नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं: डिस्क खराब असते, पण उरलेला दिवस रेजेन तिला झाकून टाकतं.

रस्ता सपाट, सरळ आणि मोकळा हवा. पुण्याजवळ असाल तर पहाटे किवळे ते उर्से टोलनाका हा मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा टप्पा चालतो, तिथे कारला १०० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर चाचणी करू नका, तिथे जड वाहनांमध्ये कुणी ब्रेक तपासत बसणं जिवावर बेतेल. सिमेंटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. त्यांची टकटक ९० च्या वेगाला सेकंदाला पाच-सहा वेळा येते, ती चाकाची समजू नका. शंका आली तर डांबरी रस्त्यावर पुन्हा बघा.

सोबत दुसरा माणूस घ्या, नोंदी त्याने करायच्या.

अ. स्थिर वेग. ६०, ७०, ८०, ९०, १०० या प्रत्येक वेगाला दहा-पंधरा सेकंद. ८० च्या आसपास सुरू होऊन ९०-१०० ला सर्वांत जास्त जाणवणारी थरथर ही चाकाच्या असंतुलनाची नेहमीची खूण. ३०-४० लाच स्टीयरिंग डावी-उजवी डोलत असेल तर टायर आतून सुटलेला किंवा रिम वाकलेली असण्याची शक्यता जास्त.

आ. मोकळं सोडणं. त्याच वेगाला रेजेन शून्यावर घेऊन ॲक्सिलरेटर सोडा. थरथर तशीच राहिली तर दोष फिरणाऱ्या चाकात. लगेच गेली तर शाफ्ट किंवा मोटरच्या माउंटकडे (मोटर ज्यावर बसते ते रबरी आधार) संशय वळवा.

इ. जोर देणं. ३० वरून ७० पर्यंत दणकून ॲक्सिलरेट करा. फक्त याच वेळी थरथर आली तर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट.

ई. फक्त रेजेन. रेजेन सर्वांत वरच्या पातळीवर ठेवा, ब्रेकला पाय न लावता ८० वरून ३० पर्यंत या.

उ. फक्त ब्रेक. ८० वरून ३० पर्यंत ठाम ब्रेक, रेजेन शून्यावर. काही गाड्यांत पातळी शून्य केली तरी ब्रेक पेडलमधून मोटर मदत करतेच. अशा गाडीत मागे वाहन नसल्याची खात्री करून न्यूट्रलमध्ये टाका आणि मग ब्रेक लावा. गाडी बंद करायची नाही, स्टीयरिंगची आणि ब्रेकची मदत चालू राहिली पाहिजे.

‘उ’ मध्ये थरथर आणि ‘ई’ मध्ये नाही: डिस्क. उलट असेल तर डिस्कला हात लावू नका, संशय शाफ्टवर. दोन्हींत असेल तर लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश आणि जॉइंट, कारण वेग कसाही कमी झाला तरी ताण त्यांच्यावर येतोच.

नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत मोटर पुढे आहे, म्हणून शाफ्टचा दोष स्टीयरिंगला कळतो. महिंद्राच्या बीई ६ किंवा एक्सईव्ही ९ई मध्ये मोटर मागे असते. तिथे तोच दोष सीटखाली जाणवेल.

### मोबाइलने मोजता येतं

कंपनं मोजणारं ॲप असेल तर फोन मधल्या कन्सोलवर घट्ट ठेवा. २१५/६० आर १६ टायरचा एक फेरा साधारण २ मीटर ५ सेंटिमीटरचा. ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं. ॲपमध्ये १२ हर्ट्झला टोक दिसलं तर चाक किंवा टायर. २४ ला दिसलं तर रिम किंवा टायर लंबगोल झाला आहे. ३६ ला, आणि तेही जोर देताना, दिसलं तर आतला जॉइंट, कारण त्यात तीन रोलर असतात. मोटर चाकाच्या नऊ-दहापट वेगाने फिरते, तिचा दोष १०० हर्ट्झच्या वर जातो आणि हाताला थरथरीऐवजी गुणगुणल्यासारखा लागतो. इंजिनची कंपनं मध्ये नसल्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत ही मोजणी चक्क स्वच्छ मिळते. वापरा.

## ३. पुढची चाकं मागे

स्थिर वेगात थरथर असेल तर दुकानात जाण्याआधी पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे बसवा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलू नका. पुढच्या-मागच्या चाकांचं माप वेगळं असेल तर ही पायरी सोडा.

थरथर स्टीयरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष त्या दोन चाकांत आहे. जागेवरच राहिली तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), डिस्क किंवा सस्पेन्शन.

जॅक लावताना: फक्त सिलखालच्या (दरवाज्यांच्या खालची कड) ठरलेल्या जागी. बॅटरीच्या पत्र्याखाली जॅक किंवा लिफ्टचा हात कधीही नको. पत्रा चेपला तर बाहेरून किरकोळ दिसतं, आत सेल असतात. उरलेल्या चाकांना ठोकळ्याची ओट लावा, गाडी बंद करा, चावी घरात ठेवा. नारिंगी केबलला स्पर्श नाही. आणि पेट्रोल गाडीत काही मेकॅनिक करतात तसं चाक अधांतरी ठेवून गाडी ‘डी’ मध्ये टाकून फिरवायचं नाही. एकच चाक हवेत असेल तर डिफरन्शियलमुळे ते स्पीडोमीटरवरच्या आकड्याच्या दुप्पट वेगाने फिरतं, आणि मोटरचा जोर क्षणात येतो.

## ४. बॅलन्सिंग: दुकानात उभं राहून करून घ्या

बॅलन्सिंग ‘केलेलं’ असतं पण झालेलं नसतं, हे इथे सर्वाधिक घडतं. चाकाच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक असेल तर ९० च्या वेगाला तो सुमारे साडेतीन किलोचा धक्का देतो, सेकंदाला बारा वेळा. त्यामुळे दहा-पंधरा ग्रॅमची चूकही हाताला कळते.

१. चाक मशीनवर चढवण्याआधी रिम आतून धुतलेली, जुनी वजनं काढलेली, टायरच्या खाचांतले खडे काढलेले असले पाहिजेत.

२. रिमच्या मधल्या भोकात मशीनचा शंकूसारखा कोन नीट बसला पाहिजे. भोकाची कड गंजलेली किंवा रंग साचलेली असेल तर तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा.

३. मशीनला रिमचं अंतर, रुंदी आणि व्यास बरोबर भरले आहेत का बघा. आधीच्या गाडीचे आकडे तसेच ठेवून काम उरकलं जातं.

४. शून्य-शून्य आल्यावर इथेच चाक सैल करायला लावा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करा आणि परत फिरवा. पुन्हा शून्य किंवा ५ ग्रॅम आलं पाहिजे. १५-२० ग्रॅम दाखवत असेल तर चाक मशीनवर मध्यात बसलेलंच नव्हतं आणि आधीचं शून्य खोटं होतं. या एका तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि बहुतेक ‘बॅलन्सिंग करूनही फरक नाही’ प्रकरणं इथेच सुटतात.

५. एका चाकाला ८०-१०० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर वजनं चिकटवत जाऊ नका. टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा मोजा. टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ यायला हवा, तो टायरचा सर्वांत हलका भाग असतो.

६. चाक हळू फिरवून रिमची कड आणि टायर वर-खाली किंवा आत-बाहेर होतो का ते बघा. डायल गेजवर रिम एक मिलीमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर वजनांनी ती सरळ होणार नाही.

अलॉय रिम थोडीशीच वाकलेली असेल तर हायड्रॉलिक प्रेसवर सरळ होते. तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून वापरू नये, या वजनाच्या गाडीत तर मुळीच नाही.

बाहेरून बसवलेल्या अलॉय असतील तर मधलं भोक हबपेक्षा मोठं नाही ना, हे पाहा. मोठं असेल तर मध्ये योग्य मापाची रिंग लागते. ती नसेल तर चाक फक्त नटांवर लटकतं, मशीनवर शून्य येतं आणि गाडीवर थरथरतं.

## ५. ब्रेक: ‘उ’ मध्ये थरथर आली असेल तरच

इलेक्ट्रिक गाडीच्या डिस्क झिजून कमी आणि न वापरल्याने जास्त खराब होतात. पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर गाडी उभी राहते, डिस्कवर गंज येतो, आणि सकाळी सगळं काम रेजेन करतं म्हणून तो घासून निघत नाही. पॅडखालचा भाग वेगळा गंजतो आणि तिथे पट्टा तयार होतो.

आधी फुकटचा उपाय. मोकळ्या रस्त्यावर रेजेन शून्य किंवा न्यूट्रल ठेवून ६० वरून १० पर्यंत ठाम ब्रेक, आठ ते दहा वेळा. दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट गाडी चालू द्या. शेवटी पूर्ण थांबून ब्रेक दाबून ठेवू नका, तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. वरवरचा गंज असेल तर थरथर एवढ्याने जाते.

गेली नाही तर मोजमाप. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, गोलाकार आठ ठिकाणी. दोन ठिकाणांत ०.०२ मिलीमीटरचा फरकही स्टीयरिंगला कळतो. त्यानंतर डायल गेजने डिस्कचं डोलणं: ०.०५ च्या वर गेलं तर डिस्क काढून हबचा चेहरा ब्रशने साफ करा, डिस्क एक बोल्ट पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. हबवरचा गंजाचा एक पापुद्रा नवी डिस्कही वाकडी बसवतो. तो तसाच ठेवून डिस्क बदलली की महिन्या-दोन महिन्यांत थरथर परत येते.

डिस्क तासायची असेल तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा. त्याच्या खाली जाणार असेल तर नवी, आणि दोन्ही बाजूंना एकदम. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना बाहेर काढून सिलिकॉन ग्रीस लावा. या गाड्यांत त्या कोरड्या पडून अडकतात आणि एकच पॅड डिस्कला घासत राहतो.

सावध: मागच्या कॅलिपरला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घेतल्याशिवाय पिस्टन दाबायचा नाही.

## ६. सैलपणा

चाक हवेत, दोन्ही हात वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावीकडे-उजवीकडे धरून हलवा, खेळ आला तर टाय रॉड एंड (स्टीयरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचं टोक). लोअर आर्मच्या मागच्या बुशला लोखंडी पट्टीने दाबून बघा, रबर फाटलेलं असेल तर चीर उघडते. पेठांतले पेव्हर ब्लॉक आणि पट्ट्या न मारलेले गतिरोधक या बुशला लवकर संपवतात.

बुश बदलताना सर्वांत मोठी चूक: गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत बोल्ट कसले जातात. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने बसवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग शेवटचा टॉर्क द्या. टाय रॉड किंवा लोअर आर्म बदलल्यावर अलाइनमेंट करायची. तिची खरी जागा ही.

## ७. शाफ्ट आणि माउंट

‘इ’ मध्ये किंवा फक्त ‘ई’ मध्ये थरथर आली असेल तर शाफ्टचे रबरी बूट बघा. फाटलेले असतील तर आसपास ग्रीस उडालेलं दिसतं. वळताना कटकट आवाज येत असेल तर बाहेरचा जॉइंट, सरळ जाताना जोर दिल्यावर थरथर येत असेल तर आतला.

शाफ्ट घरी किंवा नाक्यावरच्या गॅरेजमध्ये काढू नका. तो काढला की गिअरबॉक्सचं तेल सांडतं, एक्सलचा नट बहुधा एकदाच वापरायचा असतो, आणि मोटरजवळचं काम हाय व्होल्टेज बंद करून प्रशिक्षित माणसानेच करायचं असतं.

गाडी उभी असताना, एसी लावल्यावरच थरथर येते? मग इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरचे रबर माउंट. चाकांशी त्याचा संबंध नाही.

## ८. चाक परत बसवताना

हब आणि रिमचा टेकणारा भाग साफ. नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने, शेवटी गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने. आकडा गाडीच्या पुस्तकातला, बऱ्याच कारना तो १०० ते १३० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. न्यूमॅटिक गनने एका बाजूने धडाधड कसलेले नट चाक तिरकं बसवतात. ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

आणि ‘अ’ ते ‘उ’ चाचणी त्याच रस्त्यावर पुन्हा करा.

## सर्व्हिस सेंटरला द्यायची असेल तर

‘स्टीयरिंग व्हायब्रेट होतं’ एवढंच लिहून दिलं तर बॅलन्सिंग करूनच गाडी परत येईल. जॉब कार्डवर वेग, स्थिती, रेजेनची पातळी आणि बॅटरीची टक्केवारी लिहायला लावा. उदाहरणार्थ: ‘८० वरून ब्रेक लावताना थरथर, रेजेन शून्य, बॅटरी ७० टक्के. रेजेन ३ वर ब्रेक न लावता थरथर नाही. पुढची चाकं मागे घालूनही फरक नाही. डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजून आकडे लिहून द्यावेत.’